डोळे मिटून उभं राहा : डॉ. रॉम्बर्ग यांची साधी चाचणी

शुगरच्या पेशंटला डॉक्टर कधी कधी पाय जुळवून उभं करतात आणि डोळे मिटायला सांगतात. एवढ्यानं काय कळणार, असं घरच्यांना वाटतं. बरंच कळतं. ही चाचणी ज्यांच्या नावानं ओळखली जाते, त्या मॉरिट्झ हाइनरिश रॉम्बर्ग यांची आज ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म १७९५ चा, जर्मनीतल्या माइनिंगेनमधल्या ज्यू कुटुंबातला. बर्लिनला शिकून १८१७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे कित्येक वर्षं तिथल्या गरिबांवर उपचार करत राहिले. १८३१ मध्ये कॉलरा आला तेव्हा त्यांनी कॉलऱ्याचं हॉस्पिटल सांभाळलं. मग १८४० ते १८४६ या काळात त्यांनी मज्जासंस्थेच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. या विषयाचं पहिलं रीतसर पाठ्यपुस्तक तेच मानलं जातं.

त्या ग्रंथात एका आजाराचं वर्णन आहे, टेबीज डॉर्सालिस. हे पेशंट उजेडात कसेबसे चालायचे, पण अंधारात त्यांचा तोल जायचा. उभ्यानं तोंड धुताना डोळे मिटले की झोकांड्या जायच्या. रॉम्बर्ग यांनी नेमकं हेच हेरलं. तोल सांभाळायला तीन गोष्टी लागतात : डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपायाकडून व सांध्यांकडून मेंदूला जाणारी खबर. ही खबर मणक्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जाते. तोच बिघडला तर माणूस नजरेच्या आधारावर उभा असतो. डोळे मिटले की तो आधारही जातो. ना यंत्र, ना खर्च!

हा आजार सिफिलिसमुळे होतो, हे त्यांच्या काळात सिद्ध झालं नव्हतं. इलाजही नव्हता, आणि रॉम्बर्ग यांनी पेशंटना खोटी आशा दाखवली नाही. १८७३ मध्ये बर्लिनलाच त्यांचं निधन झालं.

आज हीच चाचणी शुगरनं पायांच्या नसा खराब झालेल्यांमध्ये आणि बी-१२ कमी असलेल्यांमध्ये उपयोगी पडते. बी-१२ ची कमतरता वेळेत कळली तर इलाज आहे. म्हणून आजोबा वजू करताना, तोंडावर पाणी घेताना डगमगत असतील तर नुसतं वय झालं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरी हौसेनं ही चाचणी करू नका. डॉक्टरसुद्धा पेशंट पडू नये म्हणून हात पुढे धरून जवळ उभे राहतात.