फादर स्टीफन्स : सासष्टीच्या ख्रिस्ती मंडळींना मराठी पुराण देणारा इंग्रज

मराठीची थोरवी सांगताना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओव्या हमखास आठवतात. पण त्या ज्या ‘क्रिस्तपुराणा’त आहेत, ते कुणासाठी लिहिलं गेलं, हे फारसं बोललं जात नाही. ते लिहिलं गेलं गोव्यातल्या सासष्टी महालातल्या नवख्रिस्ती लोकांसाठी. धर्म बदलला होता, पण चर्चमध्ये परक्यासारखं बसावं लागत होतं, अशा माणसांसाठी.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथ उघडपणे पाळणं धोक्याचं होतं. १५७५ मध्ये ते रोमला जेझुइट संघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. पुढची जवळपास ४० वर्षं, अगदी शेवटपर्यंत, ते इथेच राहिले. बराचसा काळ गेला सासष्टीत.

ती सासष्टी धगधगती होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. १५६७ मध्ये पोर्तुगिजांनी सासष्टीतली देवळं पाडली. जुन्या पोथ्या बाळगण्यावर बंदी आली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. अकबराच्या दरबारात जाऊन आलेले रुडॉल्फ अक्वाविवा त्यांच्यातच होते. पोर्तुगिजांनी त्याचा सूड घेतला. बोलणी करायची म्हणून कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं.

अशा वातावरणात जी ख्रिस्ती मंडळी जमली, ती एकजिनसी कशी असणार? कुणी ब्राह्मण, कुणी चारडो, कुणी शूद्र. सत्ता पोर्तुगिजांची, मिस्सा लॅटिनमध्ये, घरी बोलायची कोंकणी आणि पुराण ऐकायची सवय मराठीत. हुकूम काढून माणसं चर्चच्या दारापर्यंत आणता आली, पण त्यांचं मन तिथे रमेल कसं, याचं उत्तर हुकमात नव्हतं.

स्टीफन्स यांनी भाषेपासून सुरुवात केली. कोंकणी शिकले, मराठी शिकले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी जुळते, हे नोंदवलं. कोंकणीत त्यांनी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं लिहिली, तिचं व्याकरणही रचलं.

पण प्रश्नोत्तरं पाठ करून कुणाचं मन भरत नाही. क्रिस्तपुराणाच्या आरंभीच एका ब्राह्मणाची विचारणा येते. जुनी पुराणं वाचायला मनाई केलीत, मग त्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही, असा तिचा रोख. प्रश्न रास्त होता. स्टीफन्स यांनी तो मनावर घेतला.

त्यातून जवळपास ११ हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. पहिल्या भागात बायबलचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. छंद ओवीचा, बाज पुराणाचा, स्वर्गाला शब्द वैकुंठ. मंडळीला ऐकण्याची जी रीत ठाऊक होती, त्याच रीतीने नवी कथा आली. १६१६ मध्ये रायतूरला ग्रंथ छापला गेला, तो मात्र रोमन लिपीत. इथल्याच लिपीत छपाई व्हावी, अशी विनंती स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला कळवली होती. ती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

हे काम निखळ सलोख्याचं होतं, असं मात्र म्हणता येणार नाही. ते धर्मप्रसारासाठीच आले होते आणि पुराणात जुन्या देवपूजेवर टीकाही आहे. जातीच्या भिंती गोव्याच्या चर्चमध्ये पुढेही राहिल्या. तरीही माणसाला आपलं म्हणायचं तर आधी त्याची भाषा आपली मानावी लागते, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

१६१९ मध्ये स्टीफन्स गेले. त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरं १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये छापलं गेलं. पुराणही १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. पुढे वारं फिरलं. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं.

पुराण तरीही टिकलं, ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. गोव्यातून कर्नाटकच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपलं, मंडळीत वाचलं. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापून आणलं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणलं. स्टीफन्स यांनी मागितलेली लिपी त्यांच्या पुराणाला साडेतीनशे वर्षांनी छापील रूपात मिळाली.

आज गोव्याच्या चर्चमध्ये मिस्सा कोंकणीत होते, सीमाभागात कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये. एकाच मंडळीत दोन-तीन भाषा बोलणारी घरं असतात. कुणाच्या भाषेत गायचं, कुणाच्या भाषेत वाचायचं, हा प्रश्न सासष्टीत चारशे वर्षांपूर्वीही होता. स्टीफन्स यांनी तो ऐकणाऱ्याच्या बाजूने सोडवला.