डॉ. वि. सी. सुखठणकर : बर्लिनचे शास्त्र, पुण्याचे महाभारत

जर्मन साम्राज्याची घोषणा १८७१ साली झाली आणि १९१८ च्या नोव्हेंबरात ते कोसळले. उणेपुरे सत्तेचाळीस वर्षांचे त्याचे आयुष्य. बिस्मार्कची मुत्सद्देगिरी, सम्राट विल्हेल्मची युद्धखोरी आणि क्रुप्पच्या तोफा एवढेच आपल्याला क्रमिक पुस्तकांतून आठवते. परंतु ह्याच साम्राज्याने विद्यापीठे पोसली, आणि तेथे वाढलेले एक शास्त्र पुढे आपल्या पुण्यात येऊन रुजले. ते येथे रुजविणारे विद्वान म्हणजे विष्णु सीताराम सुखठणकर.

त्यांचा जन्म ४ मे १८८७ चा. मुंबईतील शिक्षण आटोपून ते केंब्रिजला गेले ते गणित शिकण्यासाठी. पुढे त्यांचे मन संस्कृतकडे वळले आणि त्यांनी बर्लिन गाठले. तेथे हाइनरिख ल्यूडर्स हे त्यांचे गुरू. ह्या गुरुपरंपरेत पुण्याचाही वाटा आहे. ल्यूडर्स हे ग्योटिंगेनच्या फ्रान्त्स कीलहॉर्न ह्यांचे शिष्य. कीलहॉर्न १८६६ पासून सुमारे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते. पुण्याच्या शास्त्र्यांपाशी बसून त्यांनी व्याकरणाचा अभ्यास केला आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे पुण्याहून गेलेली विद्या दोन पिढ्यांनी पुण्याला परत यायची होती.

त्या वेळचे बर्लिन कसे होते? प्राध्यापक हा सरकारी अधिकारी. त्याची नेमणूक प्रशियाचे शिक्षणखाते करी. स्त्रियांना प्रशियाच्या विद्यापीठांत रीतसर प्रवेश मिळाला तो १९०८ साली. मतदानात तर कराच्या रकमेप्रमाणे नागरिकांचे तीन वर्ग पाडलेले होते, आणि मूठभर श्रीमंतांचे मत हजारो मजुरांना भारी पडे. अशा ह्या समाजात विद्येला मात्र पैसा कमी पडत नसे. मध्य आशियातील तुर्फानला ज्या जर्मन मोहिमा गेल्या त्यांना सम्राटाचा आणि तोफा ओतणाऱ्या क्रुप्प घराण्याचाही हातभार होता. त्या मोहिमांनी आणलेल्या जीर्ण तुकड्यांतून ल्यूडर्स ह्यांनी अश्वघोषाच्या नाटकाचे अवशेष ओळखले व १९११ मध्ये प्रसिद्ध केले.

आपल्या मावळाशीही ह्या गृहस्थाचा संबंध आहे. १९१२ मध्ये त्यांची ब्राह्मी लेखांची सूची निघाली. तीत बेडसे लेण्यांतील लेख आहेत : नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्पणक ह्याचे दान, तसेच पाण्याच्या टाक्यावरील महारठिनी सामडिनिकेचा लेख. सहलीला गेल्यावर ज्या टाक्यापाशी आपण डबे सोडतो, तेथील अक्षरे बर्लिनमधील एक प्राध्यापक काळजीपूर्वक नोंदवीत होता!

बर्लिनमध्ये सुखठणकरांनी शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून १९१४ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पण त्याहून मोठी मिळकत म्हणजे पाठचिकित्सेची पद्धती. हस्तलिखिते नुसती मोजून भागत नाही. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे समान चुकांवरून ठरवायचे आणि मग मूळ पाठाकडे मागे मागे जायचे, असे हे शास्त्र. महाभारताची अशी आवृत्ती काढण्याचा संकल्प युरोपातील विद्वत्संस्थांनी १९०४ मध्ये केला होता, आणि ल्यूडर्स ह्यांनी १९०८ मध्ये नमुनाही छापला होता. पण १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. एकाच टेबलाभोवती बसणारे विद्वान परस्परांचे शत्रू ठरले आणि ती योजना बारगळली.

मायदेशी आल्यावर सुखठणकर पुराणवस्तुखात्यात होते. इकडे १९१७ मध्ये भांडारकर संस्था निघाली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी महाभारतासाठी साहाय्य देऊ केले, आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते कार्यारंभ झाला. १९२५ मध्ये मुख्य संपादकपद सुखठणकरांकडे आले.

आदिपर्वासाठी सुमारे साठ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. शारदा, नेपाळी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिपी! काम करता करता सुखठणकरांच्या ध्यानी आले की जर्मन पद्धती येथे जशीच्या तशी चालणार नाही. शतकानुशतके प्रती एकमेकींत मिसळल्या आहेत, त्यामुळे त्यांची शुद्ध वंशावळ मांडता येत नाही. म्हणून दूरदूरच्या आणि परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरा जेथे जुळतात तो पाठ अधिक विश्वसनीय, हे सूत्र त्यांनी धरले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही आपली लाडकी कथा ह्या कसोटीला उतरली नाही. ती त्यांनी परिशिष्टात घातली. एका भाविक समाजात राहून असा निर्णय घ्यायला किती धैर्य लागले असेल, ह्याचा विचार आपणच करावा.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, आरण्यकपर्व १९४२ मध्ये. पण गुरूंच्या देशातील सर्वच मते त्यांनी मानली नाहीत. होल्ट्समानसारखे जर्मन पंडित म्हणत की मूळ काव्यात कौरव हेच नायक होते व पुढे ते बदलले गेले. सुखठणकरांनी मुंबई विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत महाभारत हा एकसंध अर्थाचा ग्रंथ म्हणून वाचावा असे प्रतिपादन केले. ती माला पुरी होण्याआधीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. काम थांबले नाही. बेलवलकर व वैद्य ह्यांनी ते पुढे नेले, आणि १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन ह्यांच्या उपस्थितीत त्याची सांगता झाली.

साम्राज्य गेले, सम्राट परागंदा झाला, तोफा गंजल्या. त्या काळातले टिकण्याजोगे जे काही होते त्यातला एक अंश पुण्यात एकोणीस खंडांच्या रूपाने उभा आहे. सुखठणकर परक्यांकडून शिकले, पण त्यांचे अंकित झाले नाहीत. आपल्या परंपरेवर त्यांनी प्रेम केले, पण तिला कसोटी लावण्यास ते कचरले नाहीत. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्यापासून घ्याव्यात.