कोपऱ्यातला कर्णा

हॉस्टेलवर कुणाच्याही रूमवर जा, स्पीकर कुठे ठेवलाय यावरून त्या रूम पार्टनरचा स्वभाव कळतो. कुणाला छातीत दणका बसेल असा बेस हवा असतो, कुणाला गाण्याचे शब्द स्पष्ट हवेत, तर कुणाला फक्त रेक्टर सरांपर्यंत आवाज जाऊ नये एवढंच हवं असतं! पण एका इंजिनिअरने आपल्या आवडीपायी खोलीचा कोपराच स्पीकरचा भाग करून टाकला. त्याचं नाव पॉल विल्बर क्लिप्श.

जन्म १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. पॉल बारा वर्षांचा असताना ते वारले. पंधराव्या वर्षी पोराने स्वतःचा रेडिओ बनवला. १९२६ मध्ये न्यू मेक्सिकोत इलेक्ट्रिकलची पदवी घेतली. कॉलेजच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायचा. त्यामुळे वाद्य समोर वाजताना कसं ऐकू येतं, ते कानात पक्कं बसलेलं. पुढे चिलीत विजेच्या रेल्वे इंजिनांवर नोकरी, १९३४ मध्ये स्टॅनफर्डची पदव्युत्तर पदवी, मग भूगर्भातल्या तेलाचा शोध. पण डोक्यात एकच किडा: घरी ऑर्केस्ट्रा खराखुरा का वाजत नाही?

आता थोडी थिअरी. ४० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साधारण साडेआठ मीटर असते. एवढा खोल सूर नीट फेकायचा तर कर्ण्याचं तोंड अडीच मीटरहून रुंद लागतं. असा कर्णा घरात ठेवला तर माणसांनी राहायचं कुठे? क्लिप्शने कर्णा पेटीच्या आत घड्या घालून बसवला आणि पेटी कोपऱ्यात ढकलली. दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचा पुढचा भाग झाल्या! शिवाय कर्ण्यामुळे पडद्याला फार हलावं लागत नाही, म्हणून डिस्टॉर्शन कमी आणि थोड्याशा वॉटमध्ये भरपूर आवाज.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी अधिकारी म्हणून त्याची नेमणूक आर्कान्सा राज्यातल्या होप या छोट्या गावी झाली. क्वार्टरवर येणारे पाहुणे तो स्पीकर ऐकून थक्क व्हायचे आणि म्हणायचे, हे विकायला काढ. शेवटी १९४६ मध्ये त्याने तिथेच कंपनी काढली. कारखाना म्हणजे काय, तर एका लॉन्ड्रीमागची पत्र्याची शेड! पहिला कामगार ठेवला तो १९४८ मध्ये.

खरी परीक्षा पुढे आली. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी छोटी बंद पेटी बाजारात आणली. शेल्फवर मावणारी, तरीही खोल बेस देणारी. फक्त तिला वॉट जास्त लागायचे. लोकांना ती आवडली. लहान आकार, खोल बेस आणि जास्त कार्यक्षमता या तिन्हींपैकी दोनच मिळतात, हा फिजिक्सचा नियम. व्हिलचर यांनी कार्यक्षमता सोडली, क्लिप्शने लहान आकार सोडला. दोघेही बरोबरच होते. घर वेगळं, कान वेगळा!

क्लिप्श मात्र हट्टाला पेटला. नव्या नव्या जाहिरातींचे दावे ऐकले की तो कोटाची कॉलर उलटून आतला पिवळा बिल्ला दाखवायचा. त्यावर साफ थापा अशा अर्थाचा एक रांगडा शब्द छापलेला असे. पण हट्ट आंधळा नव्हता. दोन कोपऱ्यांतल्या स्पीकरमध्ये आवाजाची पोकळी राहते हे ओळखून १९५७ मध्ये त्याने मधे ठेवायला छोटा स्पीकर काढला. कोपरा सोडणं म्हणजे स्वतःच्याच धर्माशी द्रोह, अशी कुणीतरी चेष्टा केली, तर त्याने मॉडेलला तेच नाव दिलं: हेरेसी, म्हणजे पाखंड!

२००२ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, होपमध्येच तो गेला. तोवर त्याच्या कोपऱ्यातल्या कर्ण्याचं उत्पादन थांबलं नव्हतं.

डिझाइन करताना काहीतरी सोडावंच लागतं, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात. पण काय सोडायचं हे कॅल्क्युलेटर सांगत नाही राव, ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. तोवर एक सोपा प्रयोग करून बघा: टेबलावरचा छोटा स्पीकर उचला, खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा आणि बेस कसा वाढतो ते ऐका. फक्त रात्री दहाच्या आत!