जे. एडगर हूवर : तपास अधिकाऱ्यांच्या हाती कायद्याने बंदूक कशी आली?

विद्यार्थी मित्रांनो, सिनेमात गुप्तचर किंवा तपास अधिकारी दिसला की त्याच्या कमरेला पिस्तूल असतंच. पण ते पिस्तूल बाळगायची परवानगी त्याला कोण देतं? त्याचे साहेब की संसद? आज आपण अमेरिकेतील एका प्रसिद्ध अधिकाऱ्याच्या जीवनातून हे समजून घेऊया.

जॉन एडगर हूवर यांचा जन्म १ जानेवारी १८९५ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. वडील सरकारी नोकर होते. शाळेत असताना हूवर वादविवाद स्पर्धेत पुढे असायचे. १९१३ मध्ये त्यांना तिथल्या प्रसिद्ध ग्रंथालयात, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये साधी नोकरी मिळाली. दिवसा काम आणि संध्याकाळी कॉलेज, असं करत त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ग्रंथालयात हजारो पुस्तकांची नोंद कार्डांवर कशी ठेवतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे गुन्हेगारांच्या नोंदी ठेवताना हीच पद्धत त्यांच्या कामी आली.

१९१७ मध्ये ते न्याय विभागात लागले. १९२४ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, ते 'ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन' या तपास संस्थेचे प्रमुख झाले. हीच संस्था पुढे एफबीआय म्हणून ओळखली गेली. तेव्हा तिथे सुमारे ६५० कर्मचारी होते आणि त्यांपैकी ४४१ एजंट होते. वशिल्याने आलेल्या अनेकांना हूवर यांनी घरी पाठवलं. कायदा किंवा हिशेब शिकलेले तरुण भरती केले. देशभरातील बोटांचे ठसे एका ठिकाणी गोळा केले. १९३२ मध्ये प्रयोगशाळा सुरू केली.

पण एक मोठी अडचण होती. या एजंटांना कायद्याने शस्त्र बाळगण्याचा सर्वसाधारण अधिकार नव्हता. अटक करायची तर बहुतेक वेळा स्थानिक पोलिसांना सोबत न्यावं लागायचं. त्यांचं काम होतं माहिती काढणं आणि पुरावे जमवणं. समोरचे गुन्हेगार मात्र मशीनगन आणि वेगवान गाड्या घेऊन फिरत होते.

११ ऑक्टोबर १९२५ रोजी शिकागोत एडविन शॅनहन हा एजंट एका गाडीचोराच्या गोळीने मरण पावला. कर्तव्यावर मारला गेलेला हा या संस्थेचा पहिला एजंट. त्या वेळी केंद्रीय एजंटाचा खून हा केंद्रीय कायद्याने गुन्हाच नव्हता! खटला राज्याच्या कोर्टात चालवावा लागला.

पुढे १७ जून १९३३ रोजी कॅन्सस सिटीच्या रेल्वे स्टेशनबाहेर भयंकर घटना घडली. फ्रँक नॅश नावाच्या कैद्याला तुरुंगात नेत असताना टोळीने गोळीबार केला. त्यात एजंट रेमंड कॅफ्री आणि तीन पोलीस अधिकारी ठार झाले. खुद्द नॅशही मेला. सगळा देश हादरला.

तेव्हाचे ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी अमेरिकेच्या संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे, गुन्हेगारीविरोधी कायद्यांची मागणी केली. हूवर यांचा त्याला पूर्ण पाठिंबा होता. मे १९३४ मध्ये केंद्रीय अधिकाऱ्याचा खून हा केंद्रीय गुन्हा ठरला. १८ जून १९३४ च्या कायद्याने एजंटांना बंदूक बाळगण्याचा आणि अटक करण्याचा अधिकार मिळाला. पुढच्याच महिन्यात जॉन डिलिंजर हा कुप्रसिद्ध दरोडेखोर शिकागोत एका थिएटरबाहेर एजंटांच्या गोळ्यांनी मारला गेला. १९३५ मध्ये संस्थेला एफबीआय हे नाव मिळालं आणि हूवर देशभर प्रसिद्ध झाले.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण मुलांनो, नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. बंदुकीसाठी हूवर यांच्या संस्थेला संसदेपुढे जावं लागलं. गुप्त पाळतीच्या बाबतीत मात्र त्यांनी बऱ्याचदा कुणालाच विचारलं नाही. १९५६ पासून एफबीआयने अनेक संघटनांविरुद्ध छुप्या कारवाया केल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या शांततेने लढणाऱ्या नेत्यावर पाळत ठेवली, त्यांना बदनाम करण्याचा प्रयत्न केला. १९७१ मध्ये काही कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा लोकांना हे कळू लागलं.

२ मे १९७२ रोजी हूवर यांचं निधन झालं. तब्बल ४८ वर्षं ते एकाच खुर्चीवर होते. नंतर १९७५ मध्ये सिनेटच्या समितीने या गैरप्रकारांची चौकशी केली. १९७६ मध्ये कायदा झाला की, एफबीआयच्या संचालकाचा कार्यकाळ १० वर्षांपेक्षा जास्त नसावा.

यातून आपण काय शिकायचं? नागरिकशास्त्रात आपण वाचतो की कायदेमंडळ कायदे करतं आणि कार्यकारी मंडळ ते राबवतं. जीव धोक्यात घालून काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण हवंच. शॅनहन आणि कॅफ्री यांच्या घरच्यांचं दुःख खरं होतं. पण शस्त्र असो की गुप्त माहिती, तिचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहातून यावा आणि त्याचा हिशेबही तिथेच द्यावा लागावा. हूवर यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी दिसतात : कायद्याने अधिकार मिळाला तेव्हा काय झालं, आणि हिशेब विचारणारं कोणी उरलं नाही तेव्हा काय झालं.

विचार करा : तुमच्या वर्गाच्या मॉनिटरला जास्तीचे अधिकार द्यायचे असतील, तर ते कोणी ठरवावं? आणि त्याने चूक केली तर त्याला कोण विचारेल? वहीत पाच-सहा ओळी लिहा.