ठिणगीवाला रॉबर्ट

जुलैची सकाळ, पावसाची रिपरिप, साडेसातचं लेक्चर आणि बिल्डिंगखाली रात्रभर भिजलेली बाइक. सेल्फ दाबला तर नुसती घरघर, किक मारून पाय दुखायला लागले तरी गाडी ढिम्म. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत हा सीन न बघितलेला बाइकवाला सापडणं कठीण.

मागच्या आठवड्यात माझा नंबर लागला. घाटकोपरला एलबीएस रोडवरच्या एका गॅरेजपर्यंत गाडी ढकलत नेली. मनात हिशेब सुरू होता, इंजिन उघडलं तर किती हजार जाणार! तिथल्या दादांनी आधी टाकी हलवून पेट्रोल बघितलं. मग प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतंय, पण पेटत नाहीये. प्लग कॅपमध्ये बसवून, भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवला आणि मला किक मारायला लावली. ठिणगी नाही. नवा प्लग लावून तेच केलं. टच्चकन निळी ठिणगी. दहा मिनिटांत गाडी सुरू आणि माझे हजारो रुपये वाचले.

प्लगच्या खोक्यावर नाव होतं, बॉश. आपल्याला ते फक्त कंपनीचं नाव वाटतं. पण बॉश नावाचा एक खराखुरा मेकॅनिक होता, आणि त्याचीही गाडी बरीच वर्षं सुरूच होत नव्हती.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१चा, जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत रॉबर्टचा नंबर अकरावा. वडील शेती करायचे आणि सराईही चालवायचे. शाळा संपल्यावर रॉबर्टने उल्ममध्ये एका यंत्रकारागिराकडे उमेदवारी केली. मग बरीच वर्षं या कारखान्यातून त्या कारखान्यात. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीत काम केलं, इंग्लंडमध्ये सीमेन्समध्ये केलं. मध्ये काही महिने स्टुटगार्टच्या पॉलिटेक्निकमध्ये लेक्चरंही ऐकली. आजच्या भाषेत सांगायचं तर सीव्हीवर नोकऱ्या भरपूर, पण सेटल काही नाही.

नोव्हेंबर १८८६मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याने स्टुटगार्टमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. जोडीला एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. भांडवल वडिलांच्या वारशातून आलेलं. टेलिफोन बसव, विजेच्या घंटा लाव, मिळेल ते काम घे, असा धंदा होता.

पुढच्याच वर्षी एक गिऱ्हाईक आलं. त्याला इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, म्हणजे मॅग्नेटो हवा होता. डॉइट्झ या कंपनीचं तसं यंत्र बाजारात होतं. रॉबर्टने आधी त्याचं पेटंट आहे का याची चौकशी केली. नाही म्हटल्यावर ते नीट बघून स्वतःचं, जास्त चांगलं यंत्र बनवलं. तार गुंडाळलेला गाभा चुंबकाच्या मध्ये फिरला की वीज तयार होते, एवढंच त्यातलं सूत्र. बॅटरीची गरजच नाही.

हे किती मोठं काम होतं हे कळायला त्या काळची बाइक बघावी लागेल. १८८५मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी स्टुटगार्टशेजारच्या कानश्टाटमध्ये पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली. तिच्यात प्लग नव्हता. ज्योतीवर तापवलेल्या लाल नळीने आतलं मिश्रण पेटायचं. पहिल्याच फेरीत सीट पेटल्याची गोष्ट आजही सांगतात. बुडाखाली शेगडी घेऊन कोण कॉलेजला जाईल?

पण रॉबर्टचा मॅग्नेटो होता एका जागी उभ्या असलेल्या, संथ इंजिनांसाठी. धंदाही रडतखडत चालला होता. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशी वेळ आली की बहुतेक कामगारांना घरी पाठवावं लागलं. घरच्यांच्या पैशांवर दुकान कसंबसं तगलं. साहेब सायकलवर टांग मारून गिऱ्हाईकांकडे जायचे.

१८९७मध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी द दिओं-बूतों कंपनीची तीनचाकी मोटर वर्कशॉपमध्ये आणली. तिचं इंजिन मिनिटाला तब्बल १८०० फेरे घ्यायचं आणि जुना मॅग्नेटो त्या वेगाला पुरा पडेना. वाट काढली ती रॉबर्टच्या हाताखालच्या आर्नोल्ड झेरिंगर यांनी. जड गाभा फिरवायचाच कशाला? तो स्थिर ठेवला आणि त्याच्याभोवती पत्र्याची हलकी नळी हलती ठेवली. अकरा वर्षं खोकत चाललेली गाडी एकदम सुटली.

तरी सिलिंडरच्या आत हलणारे भाग होतेच आणि ते झिजायचे. त्यावर १९०२मध्ये उपाय शोधला गॉटलोब होनोल्ड यांनी. हाच मुलगा पूर्वी याच वर्कशॉपमध्ये शिकाऊ होता. त्यांनी मॅग्नेटोतूनच मोठ्या दाबाची वीज काढली आणि सोबत स्पार्क प्लग दिला. आत हलणारं काही नाही, दोन टोकांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट आणि तिच्यात उडणारी ठिणगी. आपल्या बाइकमध्ये आजही तेच चालतं.

म्हणजे नाव बॉशचं, पण दोन्ही मोठे शोध त्यांच्या माणसांचे. बॉश यांचं मोठेपण मला इथेच दिसतं. अशी माणसं त्यांनी निवडली, टिकवली आणि वाढू दिली. १९०६मध्ये त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. तेव्हा जर्मनीत असं करणारे फार थोडे होते. तरी १९१३मध्ये त्यांच्याकडे मोठा संप झाला आणि तो त्यांच्या मनाला लागला. पहिल्या महायुद्धात मिळालेल्या नफ्याचा मोठा हिस्सा त्यांनी दान केला. १९२१मध्ये तरुण मुलगा दीर्घ आजाराने गेला.

शेवटची वर्षं सर्वांत अवघड. नाझी राजवट त्यांना पटत नव्हती. त्यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली, हिटलरविरोधी गटातल्या गोर्डेलर यांना आसरा दिला. पण त्यांच्याच कारखान्यांत युद्धाचं सामान बनत होतं आणि सक्तीने आणलेले मजूर राबत होते. हे दोन्ही खरं आहे. एक वगळून दुसरं सांगितलं तर गोष्ट अर्धीच राहते. १२ मार्च १९४२ला स्टुटगार्टमध्ये त्यांचं निधन झालं. आज कंपनीची बहुतांश मालकी त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे.

आपल्याकडे १९५१मध्ये बंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी सुरू झाली, म्हणजेच मायको. नाशिकच्या मायको सर्कलचं नाव तिच्यावरूनच पडलं. जुने मेकॅनिक आजही मायकोचा प्लग मागतात.

तर उद्या पावसात गाडी रुसली तर घाबरू नका. आधी किल स्विच आणि साइड स्टँड बघा, निम्म्या वेळा तिथेच गंमत असते. मग पेट्रोल. मग प्लग. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. पुसून, वाळवून परत लावा. मात्र गाडी सायलेन्सरच्या वर पाण्यात बुडाली असेल तर किक, सेल्फ काहीही मारू नका. आत पाणी गेलं असेल तर इंजिनच मोडेल. सरळ ढकलत गॅरेज गाठा. लेक्चर एखादं बुडालं तरी चालेल.