विश्लेषण : बापाने मशीनगन बनवली, मुलाने बंदुकीचा आवाज कमी केला! कोण होते हिरम पर्सी मॅक्झिम?

सायलेन्सर म्हटले की आपल्याकडे आधी आठवते ती बुलेट. पुणे, मुंबईसह अनेक शहरांत पोलिसांनी कर्णकर्कश ‘मॉडिफाइड’ सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. दुसरा सायलेन्सर सिनेमातला. खलनायक पिस्तुलाच्या तोंडाला नळी फिरवून बसवतो, ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. हा दुसरा सायलेन्सर सध्या पुन्हा चर्चेत आहे, कारण अमेरिकेत त्यावर ९० वर्षांहून अधिक काळ असलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणीची अट मात्र कायम आहे.

हे उपकरण बाजारात यशस्वी करून दाखवणारा माणूस शस्त्रांच्या कारखानदारीत वाढला असला तरी त्याचा जीव मोटारी, रेडिओ आणि हौशी चित्रीकरणात रमला. त्याचे वडील मात्र जगातल्या सर्वात गोंगाटी यंत्रांपैकी एकाचे जनक होते.

वडील कोण होते?

हिरम स्टीव्हन्स मॅक्झिम. गोळी सुटताना बंदुकीला बसणारा मागचा धक्का वापरून पुढची गोळी आपोआप भरायची, ही कल्पना त्यांनी १८८४ मध्ये लंडनमध्ये प्रत्यक्षात आणली. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या झाडणारी ही ‘मॅक्झिम गन’ पुढे ब्रिटिश साम्राज्याने आफ्रिकेत वापरली आणि पहिल्या महायुद्धात तिचीच भावंडे दोन्ही बाजूंच्या खंदकांत होती. हिरम यांना ब्रिटनने ‘सर’ केले. पण वर्षानुवर्षे आपल्याच बंदुकांशेजारी उभे राहून त्यांचे कान गेले. उतारवयात त्यांना जवळपास काहीच ऐकू येत नसे.

पर्सी यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. १८८१ मध्ये वडील विजेच्या उपकरणांच्या कामानिमित्त युरोपात गेले आणि तिकडेच राहिले. तिथे त्यांनी दुसरा संसार थाटला. अमेरिकेत मागे राहिलेला पर्सी तेव्हा जेमतेम १२ वर्षांचा होता. पुढे आयुष्याच्या अखेरीस त्यांनी वडिलांवर पुस्तक लिहिले, तेही तक्रारीचे नव्हे. विक्षिप्त, खोडकर आणि अफाट बुद्धीच्या बापासोबतचे बालपण त्यात गमतीने रंगवले आहे. त्यावर १९४६ मध्ये हॉलिवूडने चित्रपटही काढला.

पेट्रोलचा एक थेंब

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे आजच्या ‘एमआयटी’तून पर्सी १८८६ मध्ये यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय १७ सुद्धा पूर्ण नव्हते. लिन शहरातील तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरी करताना १८९२ च्या सुमारास त्यांच्या डोक्यात घोड्याविना चालणारी गाडी शिरली. पेट्रोलमध्ये किती जोर आहे हे पाहण्यासाठी त्यांनी तोफगोळ्याच्या रिकाम्या पितळी कवचात पेट्रोलचा थेंब टाकून तो पेटवला. प्रयोगशाळेची सुरक्षा वगैरे तेव्हा कुणाच्या गावी नव्हती! जोर कळला आणि इंजिनही बनले.

हे इंजिन तीनचाकी सायकलवर बसवण्याच्या खटपटीतून १८९५ मध्ये त्यांना कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डच्या पोप कंपनीत मोटार विभागाचे काम मिळाले. १८९९ मध्ये ब्रॅनफर्ड येथे झालेली मोटारशर्यत त्यांनी जिंकली. बंदिस्त वर्तुळाकार मार्गावरची ती अमेरिकेतील पहिली शर्यत मानली जाते. मोटारीच्या सायलेन्सरचे श्रेय अनेक ठिकाणी पर्सी यांना दिले जाते, ते मात्र सरसकट खरे नाही. इंडियाना राज्यातील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्येच तसे पेटंट घेतले होते. पर्सी इंजिनाच्या धुराचा आवाज आणि बंदुकीच्या वायूचा आवाज या दोन्हींकडे एकच प्रश्न म्हणून पाहत होते, हे अधिक अचूक ठरेल.

न्हाणीघरातून पेटंटपर्यंत

बंदुकीचा आवाज कसा कोंडायचा, याचे उत्तर आपल्याला अंघोळीनंतर सुचले असे ते सांगत. टबाचे बूच काढल्यावर पाणी सरळ खाली जात नाही, गोल गोल फिरत जाते. मध्ये पोकळ वाट तयार होते आणि पाणी कडेने रेंगाळत उतरते. बंदुकीतला वायू असाच फिरवत ठेवला आणि गोळीला मधली वाट मोकळी सोडली तर? ३० मार्च १९०९ रोजी त्यांना यासाठी अमेरिकी पेटंट मिळाले. पोलादी नळीत एकामागोमाग एक वळणदार चकत्या आणि त्यांच्यातून गोळीपुरते भोक, अशी ती रचना. हे भोक नळीच्या मध्यावर नव्हते, वरच्या बाजूला सरकवलेले होते. त्यामुळे नळीचा बहुतेक भाग खाली राही आणि नेम धरणाऱ्याच्या नजरेआड काही येत नसे. छोटीशी गोष्ट, पण वापरणाऱ्याचा विचार इथे दिसतो.

विक्री कुणाला होती? हे वाचून आज आश्चर्य वाटेल. घराच्या तळघरात किंवा परसात नेमबाजीचा सराव करणाऱ्यांना. शेजाऱ्यांना त्रास नको, खांद्याला धक्का कमी बसावा आणि आवाजाने दचकून नेम चुकू नये, असा प्रचार होता. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही मॅक्झिम सायलेन्सर बसवलेली विंचेस्टर रायफल होती. अमेरिकी लष्कराने चाचण्या घेतल्या, थोडे नग घेतलेही, पण सरसकट वापर झाला नाही.

आवाज नेमका येतो कुठून?

फुगा टाचणीने फोडला तर फटाका होतो आणि तोंडाची गाठ सैल करून हवा सोडली तर नुसता ‘सुर्र’ आवाज येतो. हवा तितकीच, फरक फक्त वेळेचा. बंदुकीच्या नळीत गोळीमागे प्रचंड दाबाचा तप्त वायू असतो. गोळी बाहेर पडताच तो एकदम मोकळा होतो आणि धमाका होतो. सायलेन्सर या वायूला पसरायला जागा देतो, चकत्यांवर आदळवतो, थंड करतो आणि हळू सोडतो. एवढेच त्याचे काम.

पण बंदुकीचे आवाज एकाहून जास्त असतात. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून जास्त वेगाने निघाली, तर ती हवेत जाईल तिथे स्वतःचा कडाका सोबत नेते. नळीच्या तोंडावरचे कोणतेही उपकरण तो थांबवू शकत नाही. तिसरा आवाज बंदुकीच्या लोखंडी भागांच्या खडखडाटाचा. त्यामुळे सायलेन्सरने साधारण २० ते ३५ डेसिबल कमी होतात आणि १६० च्या आसपासचा आवाज १३० च्या आसपास येतो. कानाचा पडदा वाचू शकतो, पण शेजारच्या खोलीत कळणार नाही हे विसरा. म्हणूनच तंत्रज्ञ आज ‘सायलेन्सर’ऐवजी ‘सप्रेसर’ म्हणजे आवाज दाबणारा, असा शब्द पसंत करतात. सिनेमातला ‘फुस्स’ हा ध्वनिमुद्रण स्टुडिओचा शोध आहे, मॅक्झिम यांचा नव्हे.

एअरसॉफ्टच्या हौशींना हा धडा का लागू होतो?

जपानमध्ये १९७० च्या दशकात खऱ्या बंदुकांवरील कडक निर्बंधांमुळे एअरसॉफ्टचा खेळ रुजला. ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा गोळा स्प्रिंगने ढकललेल्या पिस्टनच्या हवेवर सुटतो. दारू नाही, तप्त वायू नाही आणि गोळ्याचा वेग ध्वनीपेक्षा बराच कमी. म्हणजे मॅक्झिम यांना न सुटलेला कडाक्याचा प्रश्न इथे मुळातच नाही. अनेक हौशी घरातला फोम कापून नकली नळीत भरतात आणि आवाज फारसा कमी झाला नाही म्हणून वैतागतात. कारण सरळ आहे. स्प्रिंगवरच्या एअरसॉफ्टमध्ये मोठा वाटा नळीच्या तोंडाचा नसतो, आत पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आपटतो त्या ‘ठक’चा असतो. तिथे रबराची मऊ चकती आणि बाहेरच्या पोकळ प्लास्टिकमध्ये थोडा फोम यांचा उपयोग समोरच्या नळीपेक्षा जास्त होतो. आधी आवाज कुठून येतो ते शोधायचे, मग उपाय. मॅक्झिम हेच करत.

इथे कायद्याचीही रेषा आहे. खऱ्या बंदुकीवर बसू शकेल आणि तिचा आवाज कमी करेल अशी नळी खेळणे राहत नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येतच गोळीबाराचा आवाज किंवा चमक कमी करणाऱ्या जोडसाहित्याचा समावेश आहे. म्हणजे बंदूक नसली तरी नुसती नळीसुद्धा कायद्याच्या लेखी शस्त्र ठरू शकते.

बाप आणि मुलगा एकाच कायद्यात

अमेरिकेत दारूबंदीच्या काळात टोळीयुद्धे पेटली आणि १९३४ मध्ये ‘नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट’ आला. त्यात नोंदणी आणि २०० डॉलर कर लावलेल्या वस्तूंच्या यादीत मशीनगन होती आणि सायलेन्सरही. वडिलांचा शोध आणि मुलाचा शोध एकाच कायद्यात, एकाच दराने! मोजक्या डॉलरना मिळणाऱ्या वस्तूवर २०० डॉलर कर म्हणजे ती दुकानातून जवळपास हद्दपार करणेच होते. नॉर्वेसारख्या देशात मात्र शिकारी आजही सायलेन्सर सहज विकत घेतात, तिथे तो कानाच्या संरक्षणाचा भाग समजला जातो.

मॅक्झिम यांच्या कंपनीचा भर तोवर कारखान्यांकडे वळला होता. इंजिने, कॉम्प्रेसर, हवेचे पंखे यांचे सायलेन्सर बनत होते. १९३० च्या दशकात तर शहरातला गोंगाट बाहेर ठेवून गाळलेली हवा आत घेणारे खिडकीचे यंत्रही कंपनीने आणले. लोकांच्या लक्षात राहिली ती बंदुकीचीच नळी.

आवाज दाबणारा माणूस दूरचे आवाज ऐकत होता

पर्सी यांचे खरे वेड रेडिओ. एप्रिल १९१४ मध्ये त्यांना हार्टफर्डहून सुमारे ४० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला संदेश पाठवायचा होता, पण त्यांचा संच तिथवर पोहोचेना. वाटेतल्या विंडसर लॉक्स गावातल्या एका हौशी ऑपरेटरने तो पुढे पोहोचवला. अशी साखळी देशभर का नको? त्यातून क्लॅरेन्स टस्का या तरुणासोबत त्यांनी त्याच वर्षी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ उभी केली. पुढच्या वर्षी ‘क्यूएसटी’ हे मासिक निघाले. ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने कुणीतरी त्यात हौशी ऑपरेटरांच्या गचाळ सवयींची खिल्ली उडवत असे. तो म्हातारा म्हणजे खुद्द मॅक्झिमच, हे वाचकांना त्यांच्या मृत्यूनंतर कळले.

पहिल्या महायुद्धात सरकारने हौशींचे सगळे संच बंद केले. युद्धानंतर परवानगी परत मिळवण्यासाठी लीगने वॉशिंग्टनमध्ये झगडा दिला. ती लढाई हरली असती तर आज ‘हॅम रेडिओ’ नावाची गोष्ट कदाचित राहिली नसती. १९२३ मध्ये लीगच्याच एका पदाधिकाऱ्याने फ्रान्समधील हौशी ऑपरेटरशी अटलांटिकपार दुतर्फा संवाद साधला. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष मॅक्झिम होते. भारतातील हौशींची ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ही आज याच संघटनेची सदस्य आहे. चक्रीवादळात मोबाइल टॉवर आडवे होतात तेव्हा हेच लोक कामी येतात.

१९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रीकरण करणाऱ्यांचीही लीग काढली. ग्रहताऱ्यांचाही नाद होता. फेब्रुवारी १९३६ मध्ये ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळा पाहायला रेल्वेने निघाले. वाटेत आजारी पडल्याने कोलोरॅडोतील ला हुंटा येथे त्यांना उतरवावे लागले आणि १७ फेब्रुवारीला तिथेच त्यांचे निधन झाले. ते ६६ वर्षांचे होते.

त्यांचे रेडिओचे ओळखचिन्ह ‘डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू’ लीगने आपल्या केंद्राला दिले. १९३८ मध्ये न्यूइंग्टन येथे त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले हे केंद्र आजही नवशिक्यांच्या सरावासाठी मोर्स संदेश हवेत सोडते.