अहिल्याबाईंचे घाट

अहिल्याबाई होळकरांचे नाव निघाले की भगिनींना महेश्वरी साडी आठवते. जव्हार-मोखाड्याच्या उतारावर राहणाऱ्या आपण मात्र त्यांचे घाट आधी आठवावेत. बांध फुटला की नागलीच्या शेतातली माती कशी ओहोळाला लागते, हे आपल्याला ठाऊकच आहे.

चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही मुलगी ३१ मे १७२५ रोजी जन्मली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफगोळ्याने ठार झाले. सासरे मल्हारराव यांनी सुनेला सती जाऊ दिले नाही. १७६६ मध्ये तेही गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. मग बाईंनी कारभार हाती घेतला आणि नर्मदाकाठी महेश्वरास राहून १७९५ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, तो चालविला.

दानधर्म नि बांधकामे त्यांनी मुख्यतः खासगीतून केली. खासगी म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या हक्काचे उत्पन्न. दौलतीच्या तिजोरीला हात नाही! त्यातून महेश्वरचे घाट झाले, काशीच्या मणिकर्णिका घाटाचा जीर्णोद्धार झाला.

घाट म्हणजे नुसत्या स्नानाच्या पायऱ्या नव्हेत. नदी आधी काठाचा पायथा पोखरते, मग वरचा काठ आपोआप ढासळतो. घडीव दगड हा मारा अंगावर घेतात आणि मागे सरत चढणाऱ्या पायऱ्या मातीचा रेटा पेलतात. आपल्या शेताच्या दगडी बांधाचे कामही तेच. तो कोरडा रचलेला, म्हणून पाणी फटींतून निघून जाते. महेश्वरला वाड्याखालच्या त्या पायऱ्यांवरून बायका आजही नर्मदेवर उतरतात.